अलास्का क्रूझला केबिन कुठे घ्यायची? आमच्या दोन केबिन्सचा खराखुरा रिव्ह्यू

गेल्या जूनमध्ये आम्ही अलास्काची सात रात्रींची क्रूझ करून आलो, कॅनडात व्हँकुव्हरला चढायचं आणि वर अलास्कातल्या व्हिटियरला उतरायचं अशी एकाच दिशेची, आणि आल्यापासून ओळखीतल्या निदान सहा-सात जणांनी एकच प्रश्न विचारलाय, केबिन कुठल्या बाजूला घेऊ. आपल्या लोकांच्या रक्तातच आहे ते. घाटात दरी कुठल्या बाजूला येणार यावरून रिझर्वेशन करतानाच भांडणारी आपण माणसं, दूधसागर आला की अख्खा डबा एका खिडकीवर लोटतो. मीही तेच केलं, दोन महिने 'बाजू' या एकाच गोष्टीवर डोकं घातलं, आणि ज्याच्यावर घालायला हवं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हा रिव्ह्यू जहाजाचा कमी आणि केबिनच्या जागेचा जास्त. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण मला जे खटकलं ते बहुतेक मोठ्या जहाजांवर थोड्याफार फरकाने असंच असतं.

आम्ही पाच जण. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. ताई व्हँकुव्हरजवळ बर्नाबीला असते म्हणून आधी तिच्याकडे आठवडाभर मुक्काम आणि मग तिथूनच बोटीवर. (कॅनडा आणि अमेरिका दोन्ही व्हिसा लागतात, हे इथेच सांगून टाकते. अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरलाच बोटीवर चढायच्या आधी होतं, तिथल्या रांगेत आईने दोनदा विचारलं की आपण अजून कॅनडातच आहोत ना.)

केबिन दोन घेतल्या. आमची डेक १२ वर, उजव्या बाजूची, बाल्कनीवाली, नंबर मी स्वतः डेक प्लॅनवर बोट ठेवून निवडलेला. आई-बाबांची मात्र एजंटने 'गॅरंटी' म्हणून सुचवली. मला वाटलं गॅरंटी म्हणजे काहीतरी चांगलंच असणार! तर गॅरंटी म्हणजे तुम्ही फक्त प्रकार निवडायचा, इनसाइड (बिनखिडकीची) की खिडकीवाली की बाल्कनी, नंबर कंपनी देणार आणि तोही निघायच्या तोंडावर. खपली नाही ती खोली तुमच्या गळ्यात. पैसे बरेच वाचतात हे खरं, आणि बाबांचं म्हणणं 'झोपायलाच तर जायचंय', म्हणून हो म्हटलं. निघायच्या आधी आठ दिवस नंबर आला, डेक ६, खिडकीवाली, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं की व्ह्यूला अडथळा आहे. मी त्या रात्री झोपले नाही, आई-बाबांना आयुष्यात एकदा नेतेय आणि त्यांना भिंत दाखवणार की काय.

आता बाजूचं गणित, म्हणजे तुमची दोन महिने डोकेफोड वाचेल. जहाजाच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात स्टारबोर्ड आणि डावा पोर्ट, इथे पोर्टचा बंदराशी संबंध नाही. व्हँकुव्हरहून उत्तरेला जाताना किनारा उजवीकडे, समुद्र डावीकडे. म्हणून वर जाताना उजवी घ्या आणि खाली येताना डावी, असं सगळे सांगतात आणि ते चूक नाही. राउंड ट्रिप असेल तर विचारच करू नका, जाताना जे डावीकडे ते येताना उजवीकडे. बहुतेक जहाजांवर सम नंबर डावीकडे आणि विषम उजवीकडे असतात, पण त्याच्या भरवशावर पैसे भरू नका, त्याच जहाजाचा डेक प्लॅन उघडून बघा.

पण गंमत अशी की पहिले चार-पाच दिवस जहाज ज्याला इनसाइड पॅसेज म्हणतात त्यातून जातं, म्हणजे दोन्हीकडे बेटं, डोंगर, देवदारासारखी झाडं, धुकं. कधी डावीकडचं जवळ येतं, कधी उजवीकडचं. ग्लेशियर बे आणि हबर्ड ग्लेशियरला तर जहाज हिमनदीसमोर जाऊन सावकाश गोल फिरतं, सगळ्यांना दिसतं. म्हणजे सात दिवसांत बाजूने खरा फरक पडला तो मोजून एका संध्याकाळी. त्या संध्याकाळीबद्दल पुढे सांगते, कारण ती फार भारी होती.

उलट पहिल्याच तासात आमची बाजू तोंडावर आपटली. जहाज कॅनडा प्लेसच्या धक्क्यावरून सुटतं आणि लायन्स गेट पुलाखालून बाहेर पडतं. ताई, जिजाजी आणि दोन्ही भाच्चे स्टॅनली पार्कात पुलाशेजारी हात करायला येऊन उभे राहणार होते, ताईने लाल ओढणी आणली होती, फोनवर सगळं ठरलेलं. आणि स्टॅनली पार्क येतं डाव्या हाताला. आम्ही उजव्या बाल्कनीत दुर्बीण घेऊन नॉर्थ व्हँकुव्हरचे डोंगर बघतोय आणि ताई फोनवर ओरडतेय, 'अगं मी हात करतेय, तू कुठेयस!' लिफ्टसाठी तोबा गर्दी, मग जिन्याने धावत वर, नवरा मागे, लेक पुढे, पोचलो तेव्हा पूल डोक्यावरून गेला होता आणि मागे एक लाल ठिपका हलत होता. आई-बाबा आधीपासूनच वरच्या डेकवर रेलिंगला धरून उभे, केबिनमधून काही दिसणार नाही हे धरून चाललेले ना. त्यांनी सगळं बघितलं.

आता मुख्य तक्रार. डेक प्लॅनवर मी बघितलं होतं की बफे डेक १४ वर आहे. आम्ही १२ वर. म्हटलं मध्ये एक मजला आहे, आवाजाचा प्रश्न नाही. तर जहाजावर १३ नंबरचा डेकच नव्हता! अपशकुनी म्हणून बऱ्याच जहाजांवर तो नंबर गाळतात, १२ च्या वर थेट १४. आपण आपल्याकडच्या लिंबू-मिरचीला हसतो आणि इथे एवढं मोठं लोखंडी जहाज १३ ला घाबरतंय. पहिल्या पहाटे पाचला डोक्यावर खर्रर्र. मग थांबलं. मग परत खर्रर्र, धाड. मला वाटलं नांगर टाकला. नवरा म्हणाला इंजिन. अर्ध्या तासाने कळलं की नाश्त्याची तयारी चाललीय, खुर्च्या ओढतायत, आणि लोखंडी चाकांची ट्रॉली आमच्या उशीच्या बरोबर वरून डावीकडून उजवीकडे जातेय. सातही दिवस, पहाटे पाच ते सात. त्यात जूनमध्ये तिथे अंधार असतो कितीसा, रात्री दहाला सूर्य मावळतो आणि पहाटे चारला परत उजाडतं, जाड पडदा थोडा जरी सरकला तरी झोपेचा बट्ट्याबोळ.

रिसेप्शनवर जाऊन सांगितलं तर बाई गोड हसली, बोट फुल आहे म्हणाली आणि इअरप्लगच्या दोन जोड्या दिल्या. तिचं तरी काय चुकलं, नंबर मीच निवडला होता.

आता आई-बाबांची खोली. दार उघडलं, समोर खिडकी आणि खिडकीत नारिंगी लाइफबोट. पूर्ण नाही, खालचे दोन तृतीयांश नारिंगी आणि वर आभाळ, डोंगराचा माथा. बाबांनी चष्मा लावून तिची नीट पाहणी केली, तिच्या अंगावर किती माणसं मावतात तो आकडा लिहिलेला असतो तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, 'बुडालो तर पहिले आपणच.' विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक खलाशी ती बोट पुसायला आला, काचेच्या पलीकडे तो, अलीकडे गाऊनमध्ये आई, दोघंही दचकले, मग त्याने नमस्कार केला. पुढे स्कॅगवेला बोट धक्क्याला लागलेली असताना क्रूचं ड्रिल होतं, त्यासाठी लाइफबोट खाली पाण्यात सोडल्या आणि बाबांच्या खिडकीत एकदम अख्खा डोंगर आला. आम्ही रेल्वेला निघालो होतो तरी ते दहा मिनिटं हलेनात. पडदा उघडलाय म्हणाले, बघून घेऊ दे.

आणि त्या खोलीत आवाज शून्य. वर केबिन, खाली केबिन, बाजूला केबिन, जहाजाच्या लांबीच्या अगदी मधोमध. त्यांचा स्ट्युअर्ड मडगावचा निघाला, कोंकणी-मराठी मिक्स बोलायचा, आईला मावशी म्हणायचा. त्याने मला जे पाच मिनिटांत समजावलं ते एजंटने दोन महिन्यांत सांगितलं नव्हतं. त्याच्या मते खोली सँडविचमध्ये पाहिजे, वरही माणसं झोपलेली आणि खालीही माणसं झोपलेली. डेक प्लॅनवर जिथे कोरी पांढरी जागा दिसते, नाव नाही काही नाही, ती रिकामी नसते, तिथे क्रूची पँट्री, ट्रॉल्या, चादरींच्या गठ्ठ्यांची खोली, सर्व्हिसची लिफ्ट असं असतं, तिच्या शेजारची केबिन घेऊ नका. दोन केबिन्सच्या मध्ये आतून दार असेल तर प्लॅनवर छोटी खूण असते, त्या दाराच्या फटीतून शेजाऱ्याची घोरणी ऐकू येतात. आणि सगळ्यात पुढच्या खालच्या केबिन्सच्या आसपास नांगराची साखळी आणि थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पंखे), म्हणजे बंदराला लागताना पहाटे सहाला अंथरूण थरथरतं. तो म्हणाला, 'क्रू कुठे झोपता? सगळ्यात खाली. कित्याक? हालना.' (का? तर हलत नाही.)

हे 'हालना' आम्हाला पुढे कळलं.

ग्लेशियर बेचा दिवस आधी सांगते. तिथे दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, त्यामुळे बुकिंग करताना तुमच्या आयटिनररीत ते नाव आहे की नाही हे केबिनच्याही आधी बघा, माझ्या मते बाल्कनीपेक्षा ते महत्त्वाचं आहे. सकाळी एक छोटी बोट शेजारी येऊन लागते आणि नॅशनल पार्कचे रेंजर्स चालत्या जहाजावर शिडीने चढतात, मग दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. १७९४ ला ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं इथून गेली तेव्हा खाडी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आता ती भिंत गाठायला जहाजाला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. हे ऐकताना तुम्ही त्याच पाण्यावरून चाललेले असता, आणि पाण्याचा रंग बदलत जातो, आधी गडद हिरवा, मग दूध मिसळल्यासारखा फिका. बर्फाने दगड दळून झालेली पूड असते ती, पिठीसारखी बारीक.

आणि इथे बाल्कनीचा पहिला भ्रमनिरास. समोर मार्जरी ग्लेशियर, पाण्याच्या वर साधारण २५० फूट, म्हणजे पंचवीस मजली बिल्डिंग आणि ती दीड किलोमीटर लांब, आणि आमच्या बाल्कनीतून तिचा चौकोनी तुकडा दिसतोय. डावीकडे शेजाऱ्याचं पार्टिशन, वर बफेच्या डेकचं छप्पर. जहाज फिरून आपली बाजू येईपर्यंत तर समोर नुसताच डोंगर. लेक म्हणाली, 'आई हे टीव्हीवर बघितल्यासारखं आहे.' बरोबर होतं तिचं. मग टोप्या-मोजे चढवून सगळे पुढच्या उघड्या डेकवर गेलो, त्या दिवशी जहाजाचं नाकही लोकांसाठी खुलं केलेलं होतं, आणि तिथे जे बघितलं ते कुठल्याही केबिनमधून दिसत नाही. एवढी माणसं आणि कोणी बोलत नव्हतं. बर्फातून मध्येच बंदूक झाडल्यासारखा आवाज येतो. तुम्ही आवाजाकडे वळून बघता तर काहीच नाही, कारण तुकडा पडतो तो आधी दिसतो, आवाज मागून येतो, आवाज ऐकून वळलात तर फक्त पाण्याचा उडालेला फवारा. म्हणून नजर एकाच जागी ठेवून उभं राहायचं. बाबांनी बरोबर एक निळी भेग धरून ठेवली होती, वीस मिनिटं, आणि तीच पडली! मोठ्ठा सुळका, आधी नुसता कलला, मग सरकला, मग घसरत पाण्यात, आणि त्यानंतर तो आवाज पोटात जाणवला. बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, 'बाई गं.'

थंडी मात्र जबरदस्त, वारा सरळ बर्फावरून येतो, आणि इथे बाल्कनी कामाला आली हे मान्य करते. दोन तास वर उभं राहून आल्यावर बाल्कनीत गोधडी पांघरून, चहाचा थर्मास, घरचे बेसनाचे लाडू, आणि समोरून तरंगत जाणारे बर्फाचे तुकडे. ते तुकडे चक्क तडतडतात, फोडणीत मोहरी टाकल्यासारखे, आत अडकलेली जुनी हवा सुटत असते म्हणे. बफेच्या डेकवर हे गर्दीत ऐकू आलं नव्हतं. म्हणजे बाल्कनी बघायला नव्हे, ऐकायला आणि बसायला.

अजून एक, अनाउन्समेंट. व्हेल दिसला की वरून सांगतात, 'टू ओ'क्लॉक, स्टारबोर्ड'. जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ, एवढं घड्याळ डोक्यात ठेवा. पण ही अनाउन्समेंट केबिनच्या आत ऐकू येत नाही, फक्त पॅसेजमध्ये आणि वर डेकवर. पहिले दोन व्हेल आमचे असेच गेले, बाल्कनीत बसून आम्ही त्यांची वाट बघतोय आणि ते पलीकडच्या बाजूला उड्या मारतायत. नंतर लेकीने युक्ती काढली, केबिनच्या दारात चप्पल अडकवून ते उघडं ठेवायचं. काही जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनलवरही लागतं, ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

आता ती संध्याकाळ. ग्लेशियर बेमधून बाहेर पडलो, आइसी स्ट्रेटमध्ये हम्पबॅक व्हेलची तीन-चार कारंजी दिसली, आणि मग जहाज बेटांच्या आडोशातून निघून उघड्या गल्फ ऑफ अलास्कामध्ये आलं. हीच ती जागा जिथे उजवी बाजू म्हणजे उजवी बाजू. डावीकडे नुसता पॅसिफिक, थेट जपानपर्यंत काही नाही. आणि उजवीकडे फेअरवेदरची रांग, समुद्रातून सरळ वर, फेअरवेदर शिखर १५,३२५ फूट. आपल्याला डोंगर बघायची सवय आहे पण समुद्रसपाटीवर बसून पंधरा हजार फूट एका नजरेत बघायची नाही. साडेनऊ वाजले होते, वायव्येला टेकलेला सूर्य डोंगरांवर समोरून पडलेला, आधी पिवळे झाले, मग अबोलीच्या फुलासारखे, मग जांभळट राखाडी. आम्ही पाचही जण बाल्कनीत, खुर्च्या दोनच, आई-बाबांना बसवलं आणि आम्ही तिघं उभे, आणि वरच्या बफेत त्या वेळी कोणी नव्हतं म्हणून आवाजही नाही. त्या दीड तासासाठी मी दिलेले पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, नवरा अजून म्हणत नाही.

आणि त्याच रात्री जहाज हलायला लागलं. उघडा समुद्र, लांबून येणारी लाट, जहाजाला दोन्हीकडे पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात तरी हलायचं ते हलतंच. वादळ वगैरे काही नाही, कॅप्टनने जेवणानंतर माइकवर अगदी सहज सांगितलं होतं की थोडी मूव्हमेंट असेल. पण झोका जितका उंच तितका मोठा, डेक १२ वर कपाटातले हँगर टिंग टिंग वाजायला लागले, बाथरूमचं दार आपोआप उघडतंय मिटतंय, लेकीने सव्वाअकराला ओकी केली. मी अव्होमिन शोधतेय, ती आईच्या पर्समध्ये. नवरा फोन करतो तर बाबा झोपेतून उठून विचारतात, 'काय झालं? हलतंय? इथे तर काही नाही.' आम्ही उशा आणि लेकीला घेऊन डेक ६ वर. आणि खरंच, सहा मजले खाली, मधोमध, फक्त पाळण्याला कोणीतरी एका बोटाने झोका द्यावा इतपत. आईने लेकीला आलेपाकाची वडी दिली, कुशीत घेतली, मी सोफ्यावर, नवरा जमिनीवर गालिच्यावर, बाबा पलंगावर घोरतायत, आणि खिडकीत ती नारिंगी लाइफबोट. त्या ट्रिपमधली माझी सगळ्यात गाढ झोप तीच. पहाटे पाचला खुर्च्या नाहीत!

म्हणजे स्वस्तातली, अडथळ्याची, कंपनीने गळ्यात मारलेली केबिन जागेच्या बाबतीत जिंकली आणि मी निवडलेली हरली. याचा अर्थ गॅरंटी घ्या असा अजिबात नाही, त्यांचं नशीब चांगलं निघालं. हीच गॅरंटी थिएटरच्या वर किंवा नाकाशी नांगराजवळ निघाली असती तर हा रिव्ह्यू वेगळा असता. ज्यांना बोट लागते किंवा ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आहेत त्यांनी थोडे पैसे जास्त टाकून नंबर निवडावाच, आणि निवडताना एकावर एक तीन डेकचे प्लॅन ठेवून बघावेत, आपला, वरचा, खालचा, आणि लिफ्टपासून किती लांब तेही, कारण आईचे गुडघे पहिल्या दिवशीच त्या लांबलचक पॅसेजवर बोलायला लागले होते.

सिएटलहून सुटणारी राउंड ट्रिप घेणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्या. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये एका परक्या बंदराला टेकावं लागतं, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि बरीचशी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून सुटणारी आतल्या अंगाने जातात, सीमोर नॅरोजमधून, जिथे पाण्याखालचा एक खडक इतका त्रासदायक होता की १९५८ ला तो सुरुंग लावून उडवून दिला. पाऊण किलोमीटर रुंदीची चिंचोळी जागा. बाबा हे वाचून पहिल्या रात्री मुद्दाम जागे राहिले, आणि अंधारात लाइफबोटच्या वरच्या पट्टीतून त्यांना एक हिरवा दिवा दिसला. त्यांचं समाधान झालं.

एकदम मागच्या टोकाच्या बाल्कनीबद्दलही लोक विचारतात. आमच्या टेबलावर नाशिकचे एक काका-काकू होते, त्यांची होती तशी. एकदा चहाला बोलावलं म्हणून बघून आलो. खरं सांगते, हेवा वाटला. मागे पसरत जाणारी पांढरी पायवाट, डावी-उजवी दोन्ही बाजू दिसतात, वारा लागत नाही. पण जेवायच्या वेळी खालच्या मजल्यावरून तळणाचा वास आला, रेलिंगवर हात फिरवला तर बोटाला काजळी, आणि धक्क्याला लागताना कप बशीत खुळखुळतो असं काकू म्हणाल्या. वर लिफ्टपासून चालत पाच-सात मिनिटं. काकांना चालायची आवड आहे म्हणून ठीक, रोज सकाळी तेवढाच वॉक होतो म्हणाले. एकदम पुढे नाकाकडे तोंड करून असलेल्या केबिन्स दिसायला भारी, पण तिथे रात्री पडदे ओढून ठेवायला सांगतात, आतल्या उजेडाने ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या लोकांना पुढचं दिसत नाही म्हणून, आणि लाटांचा दणका पहिला त्यांनाच.

इनसाइड केबिन आम्ही घेतली नाही, पण पैशांचा प्रश्न असेल तर अलास्काला मी बिनधास्त इनसाइड घ्या म्हणेन, दिवसभर वरच असता तुम्ही. वाचलेल्या पैशांत जूनोला व्हेलची छोटी बोट करा, ती पाण्याला चिकटून असते, डेक १२ वरून व्हेल म्हणजे विहिरीतला मासा बघितल्यासारखं. आम्हाला बाल्कनीची जवळपास दुप्पट किंमत पडली इनसाइडच्या तुलनेत. खिडकीवाली मधे कुठेतरी.

बाकी जहाज चांगलं. जेवणात व्हेज होतं, आदल्या रात्री हेड वेटरला सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात, भाजी करून देत होते, मीठ कमी. केचिकनला पाऊस, केचिकनला पाऊसच असतो. स्टाफला पैकीच्या पैकी, स्वच्छतेला पैकीच्या पैकी, आमच्या केबिनच्या जागेला पाचपैकी दोन, त्यातला दीड फेअरवेदरचा. डेक ६ ला साडेचार, अर्धा लाइफबोटीने खाल्ला.

शेवटच्या सकाळी व्हिटियरला उतरून अँकोरेजची ट्रेन धरायची होती. बाबांनी आठवडाभर माझं सगळं ऐकून घेतलेलं, तर गाडीत चढायच्या आधीच त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला गाठून विचारलं, पाणी कुठल्या बाजूला येणार. डावीकडे, तो म्हणाला. आमच्या सीट्स उजवीकडच्या निघाल्या. बाबांनी समोरच्या एका अमेरिकन आजोबांना हातवारे करून पटवलं आणि डावीकडची खिडकी मिळवली, आईला शेजारी बसवलं, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. गाडी डोंगरातल्या लांब बोगद्यातून बाहेर आली, टर्नअगेन आर्म या खाडीचं पाणी खरंच डावीकडे आलं, राखाडी, सपाट, ओहोटी लागलेली, नुसता चिखल. आणि अर्ध्या तासाने अख्खा डबा उठून उजव्या खिडक्यांवर लोटला, वर कड्यावर पांढऱ्याशुभ्र रानमेंढ्या उभ्या होत्या, पाच-सहा, पिल्लासकट, ते आजोबा काचेला नाक लावून फोटो काढत होते आणि बाबा मागून टाचा उंचावून, 'जरा सरका हो, जरा सरका' असं त्यांना मराठीत म्हणत होते.